कॅरेक्टर मेलं की गेमच संपला: परमाडेथ आणि मोजकं सेव्ह म्हणजे नेमकं काय

आखाजीला ताई माहेरी आली, सोबत भाचा आणि भाच्याचा लॅपटॉप. जळगावात त्या दिवसांत दुपारी बाहेर पडायचा प्रश्नच नसतो, घराघरात कूलर चालू आणि माणसं आडवी, मग हा पोरगा मागच्या खोलीत पडदे ओढून बाल्डर्स गेट ३ खेळत बसायचा. चौथ्या दिवशी खोलीतून एकदम आवाजच येईना म्हणून आजी बघायला गेली तर हा स्क्रीनकडे बघत नुसता बसलेला. "काय व्हयनं रे पोऱ्या?" "मेलो आजी. सगळेच मेले. चौदा तासांचा गेम गेला."

ताईला वाटलं लॅपटॉप बिघडला. मग कळलं की काही बिघडलेलं नाही, या गेममध्ये एक ऑनर मोड आहे, त्यात तुमची सगळी टोळी मेली की तुमचा डाव संपतो, मागच्या सेव्हवरून परत सुरू करता येत नाही, आणि हा मोड पोराने स्वतःहून निवडला होता. ताईचा प्रश्न सरळ होता. पैसे देऊन घेतलेला गेम, त्यात चार दिवस घातले, आणि तो तुला परत तिथून खेळू देत नाही, हे तू मागून घेतलंस? का? पोराने मान हलवली आणि अर्ध्या तासाने नवीन कॅरेक्टर बनवायला घेतलं.

त्या रात्री गच्चीवर जेवताना मी ताईला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न बऱ्याच आईबापांना पडतो आणि गेम खेळणाऱ्यांमध्येही यावर कडाकडा भांडणं होतात.

आधी तीन शब्द

रोल-प्लेइंग गेम म्हणजे आरपीजी. यात तुम्ही एक माणूस बनवता, त्याचं नाव, त्याची ताकद, त्याची विद्या ठरवता, आणि तो लढत लढत, लोकांशी बोलत, हळूहळू मोठा होतो. क्रिकेटच्या गेममध्ये मॅच संपली की विषय संपला, इथे मात्र तासन् तास एकाच माणसावर मेहनत घातलेली असते, म्हणून त्याचं मरण जड जातं.

परमाडेथ म्हणजे तो माणूस मेला की कायमचा मेला.

आणि सेव्ह स्कमिंग म्हणजे एखादी गोष्ट मनासारखी झाली नाही की जुना सेव्ह उघडायचा, परत करून बघायची, परत बिघडली की परत उघडायचा. मी याला सेव्ह-लोडची खोड म्हणतो. ही खोड मलाही होती, बरीच वर्षं होती.

सेव्ह हे एकच बटन दोन कामं करतं

सगळा गोंधळ इथे आहे आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं.

पहिलं काम पुस्तकातल्या खुणेचं. आई जेवायला बोलावतेय, उद्या परीक्षा आहे, झोप आलीय, तर पान दुमडून ठेवायचं आणि उद्या तिथूनच पुढे वाचायचं. यात फसवणूक काहीच नाही.

दुसरं काम बुद्धिबळात चाल मागे घ्यायचं. घोडा पुढे टाकला, समोरच्याने वजीर मारला, आता म्हणायचं थांब थांब ती चाल परत घेतो. घरी लहान पोराशी खेळताना चालतं, स्पर्धेत मात्र सोंगटीला हात लावला की तीच सोंगटी हलवावी लागते. त्या एका नियमामुळे माणूस हात पुढे करायच्या आधी दोन मिनिटं विचार करतो, तोच नियम काढून टाका आणि बघा, विचार करायची गरजच उरत नाही, टाकून बघायचं आणि नाही जमलं तर उचलायचं.

कॉम्प्युटरवर ही दोन्ही कामं एकाच बटनावर आली. बाल्डर्स गेटमध्ये साध्या मोडवर एफ ५ दाबलं की सेव्ह, एफ ८ दाबलं की मागे. खूण पण तीच आणि चाल परत घेणं पण तेच. त्यामुळे कोणी म्हटलं सेव्ह मर्यादित करा, की एकाला ऐकू येतं "मला जेवायला उठू देणार नाही" आणि दुसऱ्याला ऐकू येतं "आता चालीला वजन येणार", आणि दोघं आपापल्या जागी बरोबर असूनही भांडत राहतात.

माझं मत स्पष्ट आहे. खूण ठेवायचा हक्क खेळणाऱ्याकडून कधीच काढून घेऊ नये. चाल परत घ्यायची सोय मात्र काढून बघावीच.

कबड्डीने हे आधीच सोडवून ठेवलंय

ताईला खरं कळलं ते कबड्डीवरून, कारण शाळेत ती टीममध्ये होती. कबड्डीचे जुने तीन प्रकार आहेत. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, फक्त समोरच्याला गुण मिळतो. संजीवनीत गडी बाहेर जातो पण आपल्या टीमने समोरचा एक मारला की आपला एक परत आत येतो, आज टीव्हीवर जी कबड्डी बघतो ती याच वळणाची. आणि गामिनीत एकदा बाद झालेला गडी बाहेरच बसतो, अख्खी टीम बाद होऊन लोण चढेपर्यंत.

आता गेमकडे बघा. १९८६ च्या जपानी ड्रॅगन क्वेस्टमध्ये तुम्ही मेलात की राजासमोर उभे राहता, अर्धे पैसे जातात, कमावलेला अनुभव मात्र तसाच राहतो. हा झाला अमर. १९९० ला आलेल्या पहिल्या फायर एम्ब्लेममध्ये फौजेतला शिपाई पडला की त्या पूर्ण गोष्टीतून गेला, तुम्ही उरलेल्यांना घेऊन पुढे जायचं, ही गामिनी. आणि भाच्याच्या ऑनर मोडमध्ये संजीवनी आणि गामिनीचा मेळ आहे, चौघांपैकी एखादा मेला तर मंत्राच्या गुंडाळीने किंवा तळावर बसलेल्या विदर्स नावाच्या पात्राला २०० सोन्याची नाणी देऊन त्याला उठवता येतं, म्हणजे संजीवनी, पण चौघंही पडले की लोण, आणि त्या लोणालाच मॅच संपते.

म्हणजे मरणाचे नियम कडक ठेवायचे की सैल हा प्रश्न व्हिडिओ गेमने शोधलेला नाही, आपल्या मातीतल्या खेळाने त्याची तीन उत्तरं देऊन ठेवलीत आणि कोणी म्हणत नाही की गामिनी खेळणारे वेडे होते.

हे सुरू कुठून झालं

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन पोरांनी रोग नावाचा गेम लिहिला. चित्रं नाहीत, सगळं अक्षरांत, तुम्ही म्हणजे ईमेलमधलं ॲटचं चिन्ह आणि राक्षस म्हणजे ए पासून झेड पर्यंतची अक्षरं. तळघर दर वेळी नवीन तयार व्हायचं. त्यात सेव्ह होतं, पण सेव्ह केलं की गेम बंद, आणि दुसऱ्या दिवशी तो सेव्ह उघडला की उघडता क्षणी ती फाईल पुसली जायची. बघा, खूण ठेवली आणि चाल परत घेणं काढून टाकलं. जो वाद लोक आजही घालतात त्याचं उत्तर त्या दोघांनी चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी दिलेलं आहे, आणि रोगसारख्या गेमला आजही रोगलाईक म्हणतात ते त्याच्यामुळेच.

१९८१ चा विझार्ड्री आणखी निष्ठुर. तळघरात टोळी मेली की प्रेतं तिथेच पडून राहायची, दुसरी टोळी पाठवून ती उचलून आणायची, मग देवळात पैसे भरून जिवंत करायचा प्रयत्न करायचा. प्रयत्न फसला की प्रेताची राख. राखेवर परत प्रयत्न फसला की तो माणूस यादीतूनच गेला. पैसे परत नाही. मला हे फार खरं वाटतं, कारण त्यात प्रत्येक पायरीवर आशा आहे आणि प्रत्येक पायरीवर ती महाग होत जाते.

आणि नेटहॅक, १९८७ चा. त्यात तुम्ही जिथे मेलात ती जागा कधीकधी तशीच जपून ठेवली जाते, आणि पुढच्या डावात, किंवा त्याच कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या दुसऱ्या कोणाला, चालता चालता तुमचं भूत आणि तुमचं सामान सापडतं. म्हणजे मेलेला डावसुद्धा वाया जात नाही.

सगळीकडे मात्र असा विचार नव्हता, बऱ्याच ठिकाणी नुसती जागाच नव्हती. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टच्या जपानी कॅसेटमध्ये सेव्ह ठेवायची सोयच नव्हती, म्हणून गेम वीस अक्षरांचा एक मंत्र द्यायचा, तो वहीत उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी टाकायचा, एक अक्षर चुकलं की गेलं. आपल्याकडे टीव्हीला जोडायचे ते कॅसेटवाले गेम आठवा. मारिओत आठ जग, प्रत्येकात चार टप्पे, एकूण ३२, आणि सेव्ह शून्य. आमच्या गल्लीत लोडशेडिंगची वेळ सगळ्या पोरांना तोंडपाठ होती, कारण सहाव्या जगात पोचलात आणि लाईट गेली की परत पहिल्यापासून. ते परमाडेथ नव्हतं, ती नुसती गैरसोय होती, आणि आजच्या मोजक्या सेव्हबद्दल आपल्या पिढीला जो राग येतो त्यातला बराचसा राग त्या गैरसोयीचा आहे असं मला वाटतं.

विहिरीत काय झालं

आता भाच्याचा डाव. बाल्डर्स गेटमध्ये सुरुवातीला एक उजाड गाव लागतं, गावात एक विहीर, विहिरीत उतरलं की खाली कोळ्यांची गुहा. तिथली मोठी कोळीण इथून गायब होऊन तिथे हजर होते, लांबून विष थुंकते, तिची अंडी आजूबाजूला पडलेली असतात आणि लढाई पेटली की त्यातून पिल्लं निघतात. शिवाय ऑनर मोडमध्ये मोठ्या शत्रूंना जादा चाली मिळतात. पोरगा कमी लेव्हलवर उतरला, अंडी तशीच ठेवली, आणि चौघं एकाच जागी दाटीवाटीने उभे केले. तीन फेऱ्यांत दोघं पडले, तेव्हाही पळता आलं असतं, पण त्याला वाटलं अजून एक फेरी मारून बघू.

साध्या मोडवर त्याने काय केलं असतं? एफ ८. परत उतरला असता, परत मेला असता, चौथ्यांदा नशिबाने फासा चांगला पडला असता आणि जिंकला असता. शिकला काहीच नसता.

फाशाचा हिशोब जरा बघा, हा मला फार महत्त्वाचा वाटतो. या गेममध्ये वीस बाजूंचा फासा असतो. समजा कोणाला तरी पटवायचंय आणि १५ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे जमण्याची शक्यता ३० टक्के. पण पाच वेळा सेव्ह-लोड केलं तर त्यात एकदा तरी जमण्याची शक्यता ८३ टक्क्यांवर जाते. म्हणजे अवघड गोष्ट सोपी झाली, आणि फासा उरला फक्त वेळ खायला.

आता उलट बाजू. समजा तुम्ही चांगले खेळाडू आहात, प्रत्येक लढाई जिंकायची शक्यता ९५ टक्के. साध्या मोडवर ही चैन आहे. पण एकही सेव्ह परत न उघडता अशा वीस लढाया ओळीने जिंकायच्या असतील तर शक्यता येते फक्त ३६ टक्के! म्हणून ऑनर मोडमध्ये ९५ टक्के पुरत नाहीत. तुम्हाला अर्ध्या लढाया टाळाव्या लागतात, बोलून सोडवाव्या लागतात, रात्रीच्या अंधारात बाजूने निघून जावं लागतं, आधी जाऊन जागा बघून यावी लागते, पळायची वाट ठेवावी लागते. गेम तोच, पण खेळणारा वेगळा होतो. माणूस मरू नये म्हणून जे जे करतो ते सगळं पोरगा करायला लागतो, आणि आरपीजीत दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं हीच तर मूळ गोष्ट आहे.

"मग सेव्ह ठेवा ना, ज्याला नको त्याने वापरू नये"

हा सगळ्यात जोरदार आक्षेप आणि तो फालतू नाहीये. ताईनेही हाच घेतला.

याची दोन उत्तरं आहेत. एक साधं, एकादशीला समोर साबुदाण्याऐवजी गरम शेवभाजी ठेवली आणि म्हटलं खाऊ नको, तर काही जण नाही खाणार, पण त्यांचं सगळं लक्ष न खाण्याकडेच जाईल. गेम खेळताना डोकं गेमकडे असावं, स्वतःला आवरण्याकडे नाही. फायर एम्ब्लेममध्ये नेमकं हेच व्हायचं, नियम होता की शिपाई मेला तर मेला, पण तो धडा पहिल्यापासून परत खेळायची सोय होती, म्हणून आवडता शिपाई पडला की बरेच जण सरळ धडाच परत सुरू करायचे, मरण फक्त कागदावर राहिलं. पुढे २०१० मध्ये त्यांनी पडलेला शिपाई पुढच्या लढाईत परत येतो असा कॅज्युअल मोड आणला, आणि मला तो प्रामाणिक वाटतो, निदान जे होतंय ते उघड होतंय.

दुसरं उत्तर जास्त खोलातलं. गेम बनवणारा माणूस लढाई किती अवघड ठेवायची हे सेव्हवरून ठरवतो. त्याला माहीत असेल की तुम्ही दहा वेळा परत येणार आहात, तर तो अशी लढाई ठेवू शकतो जिथे पहिल्यांदा मरणं ठरलेलंच आहे, कोपऱ्यात न दिसणारा सापळा, अचानक अंगावर येणारा शत्रू. पण मरण कायमचं असेल तर त्याला धोक्याची सूचना आधी द्यावीच लागते, गुहेच्या तोंडाशी जाळी आणि प्रेतं दाखवावी लागतात, पळायला वाट ठेवावी लागते. नाही ठेवली तर तो गेम कडक नाही, तो वाईट बनवलाय, आणि असे गेम आहेत हे मी मान्य करतो. दहा तासांची ठरलेली गोष्ट, तीच संवादाची दृश्यं, आणि शेवटी अचानक येणारं मरण, हे मला पण चालत नाही. रोगमध्ये डाव लहान होता आणि तळघर दर वेळी नवीन होतं म्हणून ते पचत होतं.

"लाईट गेली तर?"

खान्देशात हा पहिला प्रश्न असायला पाहिजे!

२०१८ मध्ये किंग्डम कम डिलिव्हरन्स आला, १४०३ सालच्या बोहेमियात घडणारा, चेक लोकांनी बनवलेला. त्यात कुठेही सेव्ह करायचं तर सेव्हियर श्नॅप्स नावाची दारू प्यावी लागते. ती विकत घ्या नाहीतर जडीबुटी गोळा करून स्वतः बनवा, आणि प्यायलात की थोडी चढते पण. शिवाय आपल्या पलंगावर झोपलं की सेव्ह होतं. कल्पना मला मनापासून आवडते. आपल्याकडे पाऊस हुकला की शेतकऱ्याला दुबार पेरणी करता येते, दुसरी संधी मिळते, पण बियाण्याचे पैसे परत लागतात, म्हणून पहिली पेरणी कोणी उगाच करत नाही. श्नॅप्स म्हणजे तसंच, दुसरी संधी आहे पण फुकट नाही.

पण सुरुवातीला त्यांनी एक चूक केली, गेम सोडून उठायचं असेल तरी बाटली लागायची. खुणेचा हक्क पण गेला. लोकांनी खूप आरडाओरड केली, आणि थोड्याच दिवसांत सेव्ह करून बाहेर पडा असा पर्याय आला. वाद तिथे बऱ्यापैकी थंडावला.

लाईट, नेट, मशीन बंद पडणं, या गोष्टी खेळाडूच्या हातात नाहीत, त्यांचं मरण खेळाडूच्या माथी मारणं अन्याय आहे. याचं मोठं उदाहरण नेटवर एकत्र खेळायच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकचं. तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये खास हार्डकोर सर्व्हर सुरू झाले, मेलात की तिथे ते कॅरेक्टर संपलं, आणि कंपनीचं ठरलेलं होतं की कारण काहीही असो, नेट गेलं असो, जिवंत करणार नाही. मग मार्च २०२५ मध्ये कोणीतरी सर्व्हरवर खोट्या विनंत्यांचा लोंढा सोडून ते बंद पाडले, आणि ऐन लढाईत असलेली कित्येक माणसं उभ्या उभ्या मेली. तेव्हा त्या कंपनीने, म्हणजे ब्लिझार्डने, सांगितलं की या हल्ल्यात मेलेल्यांना आम्ही परत उठवू. काही लोक म्हणाले नियम मोडला. मला ते पटत नाही, पावसाने मैदान बुडालं तर कोणी फलंदाजाला बाद देत नाही.

"पण चौदा तास वाया गेलेच ना"

गेले का? ताईला मी हे विचारलं. गावच्या जत्रेत कुस्ती हरलेला पैलवान घरी येतो तेव्हा त्याची तालीम वाया जाते का? पोराच्या हातात कॅरेक्टर उरलं नाही हे खरं, पण कोळीण कशी फिरते, अंडी कुठे आहेत, चौघांना किती अंतरावर उभं करायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे आणि ती फाईल कोणी पुसू शकत नाही. शिवाय त्या मोडमध्ये हरल्यावर तोच डाव ऑनर सोडून साधेपणाने पुढे खेळायची सोय गेमने दिलेली आहे, गोष्ट बघायची असेल तर बघा. पोराने ती घेतली नाही.

आणि हे सगळ्यांसाठी नाही, हेही तितकंच खरं. दिवसभर दुकान सांभाळून रात्री तासभर खेळणारा माझा मित्र साधा मोड लावतो, त्याला गोष्ट हवीय, धाकधूक दिवसभर पुरेशी झालेली असते. त्याला कोणी कमी समजू नये. लहान पोरांना तर मी ऑनर मोड देणारच नाही, आणि पोरगं हरल्यावर दोन दिवस जेवत नसेल, झोपत नसेल, तर तेव्हा मोडचा विचार करायचा नाही, लॅपटॉप बंद करायचा. आईबापांनी बघायचं ते एवढंच की हरल्यावर पोर काय करतं.

आमच्या पोराने काय केलं ते मी बघितलंय. नव्या डावात तो परत त्या उजाड गावात पोचला तेव्हा मी शेजारी बसलेलो. विहिरीच्या काठाशी कॅरेक्टर उभं केलं, मिनिटभर तसंच ठेवलं, आणि गाव सोडून पुढे निघाला. दोन दिवसांनी, लेव्हल वाढवून, परत आला. आता एकालाच लपत पुढे पाठवलं, अंडी एकेक करून लांबून फोडली, बाकी तिघांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभं केलं आणि कोळीण जाळ्याच्या पुलावर येईपर्यंत थांबून राहिला, मग खालून पूल पेटवून दिला. ती धाडकन खाली पडली तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. तेवढ्यात ताईने आवाज दिला, जेवायला चल, तुझं ते सेव्ह-बिव्ह करून ये. "करायला नाही लागत गं, बंद केलं की होतं," म्हणाला, आणि लॅपटॉप मिटून गच्चीवर गेला.